गुडघाभर समुद्रात चार दिवस

आमच्या बोटीवर कॅप्टन नव्हता. ही गोष्ट आम्हा चौघांपैकी फक्त एकालाच ठाऊक होती, आणि तो कॅप्टन होता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी टेक्सासात, प्लेनोला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो आणि घरी तेच काम मी विनावेतन करते, असं माझा नवरा हेमंत म्हणतो. हेमंत पुण्याचा असल्यामुळे त्याला स्वतःच्या कामात चूक सापडत नाही. मी नागपूरची, मला समुद्राचं काही कळत नाही. पण प्रश्न विचारायचं कळतं, आणि नेमका तोच एक प्रश्न मी विचारला नाही. त्याची ही हकीकत आहे.

समीर हा हेमंतचा ऑफिसातला मित्र, रत्नागिरीचा. त्याचे वडील नाना, वय शहात्तर, एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आले आणि मुदत वाढवून राहिले. आमच्या प्लेनोत घरं मोठी आणि रस्ते त्याहून मोठे; गाडी चालवता न येणारा माणूस इथे दिवाणखान्यातल्या कुंडीसारखा असतो, कुणीतरी उन्हात ठेवायचं आणि कुणीतरी आत घ्यायचं. समीर चांगला मुलगा आहे. रोज दुपारी बारा वाजता ऑफिसातून फोन करायचा. जेवलात का? हो. गोळी घेतलीत का? हो. फोन संपला. मी डबा द्यायला गेले असताना हा संवाद तीन-चारदा ऐकला आहे, आणि एकदाही तो मिनिटभराच्या पुढे गेला नाही.

मात्र लोकांसमोर समीरला नानांविषयी बोलायला तास पुरत नसे. कुठल्याही पॉटलकला, म्हणजे घरोघरचा एकेक पदार्थ आणून जमवलेल्या जेवणाला, तो सांगायचा, आमचे नाना चौतीस वर्षं बंदरात होते, वादळातून गलबत आत आणलंय त्यांनी. लोक त्यांना कॅप्टनकाका म्हणू लागले. नाना हसायचे आणि कढी वाढून घ्यायचे. मोठ्या माणसाला, ज्याच्या आपण पाया पडलोय अशा माणसाला, 'काका, तुम्ही स्वतः बोट चालवलीत का हो?' असं कोण विचारणार? मशीनला मी दिवसभर आडवेतिडवे प्रश्न विचारते. काकांना नाही विचारलं.

उन्हाळ्यात समीर आणि हेमंतने डॅलसजवळच्या तलावावर दोन वीकेंडचा शिडाच्या बोटीचा कोर्स केला. सर्टिफिकेट मिळालं, ते हेमंतने फ्रेम करून घेतलं. मग समीरच्या डोक्यात आलं की नानांना समुद्र दाखवायचा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत टेक्सासच्या पार दक्षिणेला, लगूना माद्रेत बोट घेऊन जायचं. त्याची बायको रश्मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, तिला सुट्टी नव्हती. तिने स्वतःच्या ऐवजी फराळ पाठवला.

बुधवार, पोर्ट मॅन्सफिल्ड

प्लेनोहून गाडीने नऊ तास. गावात एक रस्ता, एक धक्का आणि हरणं. खरीखुरी हरणं, लोकांच्या अंगणात गाईंसारखी फिरतात, आणि कुणी त्यांचा फोटोही काढत नाही. हेमंतने चाळीस काढले.

बोटीची मालकीण सत्तरीची, उन्हाने रापलेली, बोलायला काटकसरी. तलावावरचं सर्टिफिकेट तिने बघितलं आणि परत दिलं. समुद्राची सवय कुणाला आहे, एवढंच विचारलं. समीरने नानांकडे हात केला आणि म्हणाला, माझे वडील, चौतीस वर्षं बंदरात. यात एक शब्द खोटा नव्हता. बाईंनी दोन्ही हातांनी नानांचा हात धरला. नाना म्हणाले, येस, येस, पोर्ट. यातही खोटं काही नव्हतं.

मग तिने नकाशावर बोट ठेवून सांगितलं की खोदलेल्या कालव्यात पाणी खोल आहे, बाहेर सगळीकडे गुडघाभर. उत्तरेचा वारा सुटला की ते गुडघाभरही निघून जातं. वारा फिरणार असेल तर कालव्याच्या बाहेर नांगर टाकू नका. हेमंतने हे फोनमध्ये लिहून घेतलं. ती नोंद अजून फोनमध्ये आहे, आणि तिला कुणी हात लावलेला नाही.

सामान चढवताना बाई बघत राहिल्या. चार दिवस, चार माणसं. दहा किलो तांदूळ, कुकर, लोखंडी तवा, भाजणी, चकल्यांचे दोन डबे, चिवड्याचा पिंप म्हणावा असा डबा, लाडू, लोणचं आणि पाण्याच्या बाटल्यांच्या सहा पेट्या. पंचवीस फुटी बोट हळूहळू खाली बसत गेली. लग्न आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पण झालंच तर कमी पडायला नको.

निघालो तेव्हा ऊन सौम्य होतं आणि दक्षिणेचा मऊ वारा. लगूना म्हणजे समुद्र आणि जमीन यांच्यामधलं लांबच लांब उथळ पाणी. पूर्वेला वाळूचं एक बारीक बेट, त्याच्या पलीकडे खरा समुद्र. पश्चिमेला कुणाचंतरी अफाट कुरण. पाणी इतकं उथळ की बगळे मैलभर आत उभे, आणि त्यांचे गुडघे कोरडे. गुलाबी रंगाचे, पळीसारख्या चोचीचे पक्षी थव्याने उडाले. नाना हळूच म्हणाले, हा समुद्र?

त्यांनी बोटांवर तिथी मोजली. कोकणात भरती-ओहोटी तिथीवरून काढतात, षष्ठीला भरती किती वाजता हे शेंबडं पोरही सांगतं. नानांनी वेळ काढली आणि पाण्याकडे बघत बसले. भरती आली नाही. अर्ध्या तासाने त्यांनी जाहीर केलं की इथल्या पाण्याला पंचांग माहीत नाही.

गुरुवार, लँड कट

लँड कट म्हणजे चिखलाच्या सपाट मैदानातून सरळ रेघ मारल्यासारखा खोदलेला कालवा. वीसेक मैल वळण नाही, गाव नाही, दिवा नाही. मधूनमधून गाळाच्या ढिगांवर खांबांवर उभ्या लाकडी झोपड्या, मासे धरायला येणाऱ्यांच्या. बाकी आभाळ. मला ते आवडलं. प्लेनोत एवढी रिकामी जागा दिसली की वर्षाच्या आत तिथे बँक उभी राहते.

सकाळी समोरून मालवाहू तराफा आला, दोन इमारती आडव्या केल्यात असा. समीरच्या हातात सुकाणू होतं, त्याचा चेहरा उतरला. कुठून जाऊ, त्याने नानांना विचारलं. नाना म्हणाले, तो मोठा आहे, त्याला वळता येत नाही, तू बाजूला हो. आम्ही बाजूला झालो. तराफा गेल्यावर समीर हेमंतला म्हणाला, बघितलंस? याला म्हणतात एक्स्पीरियन्स. हेमंतने आदराने मान हलवली. हा अनुभव लक्ष्मी रोडवर रिक्षा बघून कुणालाही येतो, पण मीसुद्धा तेव्हा मान हलवली.

दुपारी पश्चिम किनाऱ्यावर एक जनावर उभं दिसलं. करडं, घोड्याएवढं, मानेखाली केसांचा झुबका. मी उठून उभीच राहिले. रोही! आमच्या विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. मामाच्या शेतात तूर खायला यायचे, मामा थाळी वाजवत मागे धावायचा. टेक्सासात कधीकाळी कुणा हौशी कुरणवाल्याने शिकारीसाठी आणून सोडलेले, आता हजारोंनी झालेत म्हणे. इथे त्यांना ना कुणी व्हिसा विचारतं ना नोकरी. हेमंत म्हणाला, हिच्या माहेरचं पहिलं माणूस भेटलं.

त्यानंतर हेमंत झोपला, समीर सुकाणूवर होता. नाना बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, कठडा घट्ट धरून बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी कप घेण्यासाठीसुद्धा हात सोडला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अगो वैशाली, मी आयुष्यात बोट नेलेली नाही. बंदराच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. प्रवासी लाँचमध्ये बसलो असेन चार वेळा, त्यातल्या तीनदा ओकलो."

मी विचारलं, मग त्या गोष्टी? ते म्हणाले, गोष्टी खऱ्याच आहेत. गलबतं नेणारे तांडेल कचेरीत यायचे, सांगायचे, मी घरी येऊन पोराला सांगायचो. आम्ही शीड उतरवलं, आम्ही नांगर टाकला. त्यातला 'आम्ही' तेवढा माझा. पोर सात वर्षांचं होतं, डोळे विस्फारून ऐकायचं. पुढे सतराव्या वर्षी शिकायला गेलं ते गेलंच, दुरुस्ती करायची राहून गेली. आता इतक्या लोकांसमोर तो अभिमानाने सांगतो. त्याचं तोंड पाडू कसं?

आणि मग म्हणाले, त्याला सांगू नकोस. मी कबूल केलं. टेस्टरने सर्वांत मोठी चूक सापडल्यावर ती कुणाला न सांगण्याचं कबूल केलं. कंपनीत असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाऊन सामान भरायचं खोकं हातात मिळालं असतं.

संध्याकाळी कालव्याच्या दक्षिण तोंडाशी परत आलो. बाहेर, खुणेच्या खांबांपलीकडे, एका झोपडीजवळ पाणी काचेसारखं दिसत होतं, पेलिकन बसले होते. फोनवर उत्तरेचा वारा येणार असल्याची सूचना होती. समीरने नानांना विचारलं, इथे टाकू नांगर? बोटीच्या तळाचा पाटा वर घेतला की आरामात मावतो आपण.

नाना म्हणाले, बघ तुला काय वाटतं ते.

आता, वडील माणसाने 'बघ तुला काय वाटतं ते' म्हटलं की त्याचा अर्थ नको असा असतो. अख्ख्या महाराष्ट्राला हे माहीत आहे. पण कॅप्टनच्या तोंडून समीरला तो होकार ऐकू आला. नाना अजून काही बोलले असते तर आणखी प्रश्न आले असते, म्हणून ते गप्प. मी वचन दिलं होतं म्हणून मी गप्प. हेमंतच्या फोनमध्ये बाईंची सूचना गप्प. समीरने नांगर टाकला आणि आम्ही भाजणीची थालीपीठं लावून थँक्सगिव्हिंग साजरं केलं.

शुक्रवार, चिखल

उजाडलं ते शिट्टी घालणाऱ्या वाऱ्याने. अंथरुणातून मी घरंगळत हेमंतच्या अंगावर गेले, कारण बोट एका अंगावर कलली होती. बाहेर येऊन बघितलं तर समुद्र नव्हता. जिथे काल पेलिकन पोहत होते तिथे तपकिरी चिखल, त्यावर वीतभर पाणी आणि ऐटीत चालणारे बगळे. थंडी अशी की दात वाजत होते.

समीरने इंजिन सुरू करून मागे घ्यायचा प्रयत्न केला. चिखलाचं कारंजं उडालं, बोट जागची हलली नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि नानांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच मला बघवेना. त्याला खात्री होती.

"नाना, आता काय करायचं? तुम्ही सांगा."

नानांनी डोक्यावरची माकडटोपी काढली. "मला नाही माहीत, समीर. मी कधी बोट चालवली नाही. मी कचेरीत होतो."

समीर हसला, नाना गंमत करतायत असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, आणि ते वादळातलं गलबत?

"ते तांडेलाने आत आणलं. मी त्याची नोंद केली."

समीरने माझ्याकडे बघितलं, आणि मला माहीत होतं हे त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं. तो कठड्यावरून खाली उतरला आणि झोपडीच्या दिशेने चालू लागला. बाणेदारपणे निघून जायला चिखल फार वाईट. चौथ्या पावलाला एक सँडल आत राहिली, सातव्याला दुसरी. तो अनवाणीच गेला, मागे न बघता. नाना टोपी हातात धरून उभे होते. मी ती त्यांच्या डोक्यावर चढवली, दुसरं काय करणार.

झोपडीत डेल भेटला. शाळेच्या बस दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला म्हातारा, हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे इथे मासे धरतो. त्याने समीरला कॉफी दिली, मोठे रबरी बूट दिले आणि आम्हा सगळ्यांना वर बोलावलं. रेडिओवरून ओढून नेणाऱ्या बोटवाल्याशी बोलणं झालं होतं. तो म्हणाला होता की तुमच्यापर्यंत यायला मलाही पाणी लागतं, आणि पाणी असतं तर तुम्हाला मी लागलो नसतो. डेलला हे पटलं. त्याच्या मते पाणी कुठे पळून जात नाही, वाऱ्यामागे फिरायला जातं, वारा उलटला की घरी येतं. दोन दिवस धरा.

डेलने तव्यावर सॉसेज टाकलं. नीलगायीचं, अस्सल टेक्सासचं जनावर, असं त्याने अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, ते आमच्याकडचं. तो विचारात पडला. हेमंतने माझ्या माहेरच्या माणसाचे तीन तुकडे खाल्ले. त्या बदल्यात आम्ही चकली दिली. डेलने पहिली संशयाने खाल्ली आणि नंतर डबा स्वतःकडे ओढून घेतला.

खाता खाता त्याने सहज विचारलं, तुमच्यात कॅप्टन कोण?

समीर म्हणाला, कोणीच नाही.

नानांना तेवढं इंग्रजी येतं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मी काल एक शब्द बोलले असते तर हा म्हातारा माणूस आज मुलासमोर असा बसला नसता.

शनिवार, तिथेच

या दिवसाच्या माझ्या नोंदी नाहीत, कारण माझी वही नानांनी घेतली. हे प्रवासवर्णन लिहायला मी खास नवी वही आणली होती. सकाळी आठला नाना म्हणाले, वही दे, पेन दे आणि तुझं ते नखांना लावायचं लाल असेल तर ते दे. डेलकडून त्यांनी केरसुणीचा लांब दांडा मागून घेतला. टेप लावून त्याच्यावर इंचाइंचाला लाल रेघ मारली, बोटीशेजारी चिखलात रोवला आणि डेलचे बूट घालून दर तासाला बघायला जाऊ लागले. त्यांनी नंतर दाखवलेल्या पानावरून उतरवून देते:

'स. ८. पाणी ४ इंच. वारा उत्तर, जोराचा. बोट चिखलात. सर्व खुशाल.
स. ९. पाणी ४ इंच. वारा तसाच. सर्व खुशाल.
स. १०. पाणी ३॥ इंच. श्री. डेल यांनी कॉफी दिली. सर्व खुशाल.'

सर्व खुशाल असताना समीर वडिलांशी एक अक्षर बोलत नव्हता. जेवायला हाक मारायची तर मला सांगायचा, नानांना सांग. नाना तीन फुटांवर असायचे.

दुपारी नानांनी बोटीच्या अंगावरचा पाण्याचा डाग मोजला, म्हणजे तरंगताना ती किती खाली बसली होती ते. एकवीस इंच. मग सामानाकडे बघून म्हणाले, हे रश्मीचं प्रेम उतरवा. आम्ही तांदूळ, पाण्याच्या पेट्या, तवा, सगळं चिखलातून डेलच्या झोपडीत वाहून नेलं. नानांच्या हिशेबी एक इंच सुटला. वीस लागणार होते, आणि होते तीन.

हेमंत मला हळूच म्हणाला, अगं, हे काय खूळ घेतलंय नानांनी? मी विचारलं नव्हतं, पण डेलशेजारी बसून मला कळलं होतं. चौतीस वर्षं बंदराच्या धक्क्यावर पाण्याची पट्टी होती, आणि ती वाचून दर तासाला रजिस्टरमध्ये आकडा भरायचं काम नानांचं होतं. डेलने विचारलं म्हणून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

रविवार, पाणी

सकाळी वारा उलटला. थंडी मऊ झाली आणि आग्नेयेकडून पाणी परत यायला लागलं, चिखलाच्या खळग्या भरत, काहीच झालं नाही असा चेहरा करून. आठला सात इंच. नऊला साडेनऊ. दहाला बारा. नाना वहीत आकडे मांडत होते आणि मधल्या फरकाखाली रेघ ओढत होते. दीड वाजता तरंगेल, त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं, म्हणजे समीरला.

समीरला धीर नव्हता. मंगळवारी ऑफिसात त्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, आणि त्याला वडिलांपासून लांब कुठेतरी जायचं होतं. अकराला चौदा इंच झाले, बोट जराशी डुलली, आणि तो इंजिनकडे गेला. डेलने काल बजावलं होतं की अर्ध्या पाण्यात इंजिन चालवलं तर ते गाळ पिऊन मरेल, आणि मग पाणी येऊनही उपयोग नाही.

"नको लावू," नाना म्हणाले. "अजून सहा इंच हवेत."

समीर वळला. तीन दिवस साठलेलं सगळं एका वाक्यात आलं. "तुम्ही आयुष्यात एक बोट तरी नेलीत का?"

मला वाटलं, संपलं. हेमंतने नजर खाली घातली. नाना पाण्यात उभे होते, डेलच्या बुटांत, एक हात दांड्यावर.

"नाही नेली," ते म्हणाले. "पण नेणाऱ्यांना पाणी किती आहे ते मीच सांगायचो. चौतीस वर्षांत माझ्या आकड्यावर आत आलेली एक होडी तळाला लागली नाही. गोष्टीत घालण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून तुला कधी सांगितलं नाही."

समीरचा हात किल्लीवर होता. मग त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि कठड्यावर बसला. मी चिवडा काढला. डेलही आला. पाच माणसं एका केरसुणीच्या दांड्याकडे बघत चिवडा खात बसली होती. वरून कुणी बघितलं असतं तर आमच्यासाठी मदत पाठवली असती.

दीड वाजला. बोट तरंगली नाही. नानांनी घड्याळ बघितलं, दांडा बघितला. पावणेदोन. समीरने खिशातली किल्ली चाचपली, पण काढली नाही. दोनला तळाखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि बोट सरळ उभी राहिली. नानांनी वहीत लिहिलं: 'दु. २. पाणी २० इंच. बोट तरंगली. अंदाज अर्धा तास चुकला.'

कालव्यापर्यंत अजून दोनशे यार्ड उथळ पाणी होतं. नानांनी दांडा उपटला, बोटीवर चढले आणि सरळ नाळेवर जाऊन बसले. कठडा धरला नाही, दोन्ही हातांत दांडा होता. डेल हात हलवत होता; उतरवलेलं सगळं सामान, दहा किलो तांदळासकट, आम्ही त्याच्याकडेच ठेवलं, भात कसा शिजवायचा हे कागदावर लिहून दिलं. समीरने इंजिन अगदी हळू सुरू केलं. शुक्रवारपासून पहिल्यांदा त्याने वडिलांना हाक मारली.

"नाना, पाणी किती?"

"वीस," नाना म्हणाले. दांडा खाली, दांडा वर. "एकवीस. एकवीस. डावीकडे घे. तेवीस." समीर डावीकडे घ्यायचा. पुन्हा विचारायचा. पुन्हा आकडा यायचा. दोनशे यार्ड त्यांचं दुसरं काही बोलणं झालं नाही, आणि मी इतका वेळ दोघांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग एकदम नाना म्हणाले, लागत नाही. दांडा पूर्ण बुडाला होता. आम्ही कालव्यात होतो.

धक्क्यावर मालकीणबाईंनी बोटीच्या अंगावरचा चिखल बघितला आणि कागद पुढे केला. परतीच्या कागदावर कॅप्टनची सही लागते. समीरने पेन घेतलं आणि स्वतःची सही केली.

प्लेनो

परत आल्यावर पहिल्याच पॉटलकला शेजारच्या अर्विंग गावच्या एका गृहस्थांनी नानांना धरलं, कॅप्टनकाका, वादळाची गोष्ट होऊन जाऊ दे. नाना स्पष्ट म्हणाले, मी कॅप्टन नव्हे हो, हेडक्लार्क. ते गृहस्थ गहिवरले. बायकोला म्हणाले, बघ, माणूस एवढा मोठा, पण किती विनय. त्यामुळे नाना अजून कॅप्टनकाकाच आहेत. समीर शेजारी उभा होता. तो मोठ्याने हसला आणि त्याने नानांना कढी वाढली.

समीरच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे, प्लेनोत असतो तसा, ज्यात कुणी पोहत नाही. त्याच्या कडेला आता केरसुणीचा दांडा बांधलाय, माझ्या नखांच्या लाल रंगाच्या रेघांचा. वही मला परत मिळालेली नाही. मीही मागितली नाही. हे सगळं आठवणीतून आणि नानांच्या कृपेने लिहिलंय.

परवा डबा द्यायला गेले होते. बरोबर बाराला फोन वाजला. जेवलात का? हो. गोळी घेतलीत का? हो. मी चपला घालायला लागले, कारण फोन इथे संपतो. पण नाना फोन कानाला धरून वही उघडत होते. पलीकडून समीरचा आवाज आला, बरं, पाणी किती?

मी चपला काढल्या आणि बसले. नाना सांगत होते. काल वारा होता, पाव इंच उडालं.

पंधरा मिनिटं झाली तरी ते सांगतच होते.